कुठला कोर्स केला म्हणजे नोकरी लागेल?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३९. बी.कॉम., नाशिक जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत नऊ वर्षं नोकरी. मग अमेरिका. आधी टेक्सास, गेल्या सप्टेंबरपासून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. मुलं ११ आणि ६ वर्षांची. व्हिसा एच-४ (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा), मिस्टरांची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेली, ईएडीचा, म्हणजे काम करायच्या परवान्याचा अर्ज टाकलाय पण कार्ड हातात नाही. आणि प्रश्न असा की कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांपर्यंतचं शिक्षण देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात) मेडिकल कोडिंग करू, डेटा अ‍ॅनालिटिक्स करू, की सरळ दोन वर्षांची डिग्री घेऊ? शिवाय इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना अडखळायला होतं.

मी बे एरियातल्याच (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) एका कम्युनिटी कॉलेजात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना कोर्स निवडायला मदत करते. चौदा वर्षं झाली. त्याआधी मीही एच-४ वरच होते, त्यामुळे खिडकीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे उभी राहिले आहे. मी वकील नाही, हे आधीच सांगते. व्हिसाबद्दल लिहीन ते माझ्या कामात रोज लागतं तेवढंच. नक्की काय ते वकिलाला विचारा.

तुम्ही कोर्स विचारलाय खरा, पण त्याच्या आधी तीन गोष्टी सुटायला हव्यात. काम करायची परवानगी कधी मिळणार, फी कुठल्या दराने लागणार आणि तुमची पदवी-अनुभव इथे कसा मोजला जाणार. ऑगस्टमध्ये आमच्याकडे रांग लागते तेव्हा दहातल्या आठ जणी कोर्सचं नाव ठरवूनच आलेल्या असतात. मैत्रिणीने केला, तिला लागली, म्हणून. मैत्रिणीकडे तेव्हा ग्रीन कार्ड होतं का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

फीचं आधी सांगते, कारण तुमच्या बाबतीत तिथे तारखेचा खेळ आहे. एच-४ वर शिकायला काहीच आडकाठी नाही, अर्धवेळ शिका की पूर्णवेळ. त्यासाठी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा करायची गरज नाही. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला (युनिट म्हणजे कोर्स किती मोठा, याचं माप) ४६ डॉलर पडतात. रहिवासी नसाल तर त्याच युनिटला तीनशेच्या पुढे मोजावे लागतात. एच-४ वाल्यांना इथे रहिवासी ठरता येतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. पण त्यासाठी सत्र सुरू होण्याआधी राज्यात एका वर्षाहून जास्त काळ राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहायचा इरादा कागदांवरून दिसावा लागतो. तुम्ही सप्टेंबरात आलात. आमचं फॉलचं सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. म्हणजे आत्ता नाव घातलंत तर दोन-तीन आठवड्यांनी हुकताय! चार युनिटचा एक कोर्स आज बाराशेच्या वर जाईल. तोच जानेवारीत १८४ डॉलर, वर थोडी किरकोळ फी आणि पुस्तक. जानेवारीपर्यंत थांबा.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. कागद गोळा करा. आपल्याकडे घराचा करार मिस्टरांच्या नावावर, विजेचं बिल त्यांच्या, बँकेचं खातं त्यांच्या. आणि मग कॉलेज विचारतं, तुम्ही इथे राहता याचा पुरावा काय? लग्नाचा दाखला तिथे पुरत नाही, तुमचं राहणं तुमच्या नावाने दिसावं लागतं. करारात नाव घालून घ्या, खातं जोडनावाने करा, कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा, राज्याचा टॅक्स रिटर्न दोघांचा एकत्र भरा. दर सत्रात दोन-तीन जणी या एका गोष्टीपायी परत जातात.

मधले चार महिने नॉन-क्रेडिट वर्गात घाला. इथे शब्दांची गल्लत फार होते, म्हणून जरा फोड करून सांगते. कॉलेजच्या पुस्तिकेत तीन प्रकारचे वर्ग असतात. क्रेडिटचे वर्ग म्हणजे युनिट, ग्रेड, फी. नॉन-क्रेडिटचे वर्ग म्हणजे युनिट नाहीत, पण राज्य पैसे देतं, त्यामुळे तुम्हाला फी नाही. इंग्रजी, कॉम्प्युटर, ऑफिसकामाची तयारी असे विषय. आणि तिसरे हौसेचे, पैसे भरून करायचे: फोटोग्राफी, योगासनं, क्वचित ‘सहा शनिवारांत एक्सेल’. तिसऱ्या प्रकारातलं सर्टिफिकेट दिसायला झकास असतं, नोकरी देणारा मात्र त्याकडे ढुंकून बघत नाही. या तिन्हींशिवाय स्कूल डिस्ट्रिक्टतर्फे, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळातर्फे चालणाऱ्या अ‍ॅडल्ट स्कूल असतात. फ्रीमाँटलाही आहे. तुमच्यासाठी आत्ता तीच सगळ्यात सोयीची. मुलं शाळेत असतात तेव्हाच तिथे सकाळचे वर्ग चालतात.

जाता जाता सांगते, ही परंपरा जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १८५६ साली सेंट मेरीज चर्चच्या तळघरात आयरिश, इटालियन आणि चिनी माणसांना इंग्रजी शिकवायला संध्याकाळचा वर्ग सुरू झाला, ती कॅलिफोर्नियातली पहिली प्रौढ शाळा मानतात. कम्युनिटी कॉलेजं नंतरची. देशातलं पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये निघालं, कॅलिफोर्नियातलं पहिलं १९१० मध्ये फ्रेस्नोला. आता या एका राज्यात ११६ आहेत. तेव्हा ‘या वयात वर्गात बसायचं’ याची लाज मनातून काढा. ही घरं बांधलीच आपल्यासारख्यांसाठी आहेत.

आता दोन वर्षांची डिग्री. माझ्या मते ती तुम्ही घेऊ नये. असोसिएट डिग्री म्हणजे साधारण ६० युनिट, पदवीच्या खालची पायरी. तुमच्याकडे पदवी आहे. बी.ए., बी.कॉम. झालेल्या आपल्या कितीतरी बायका पदवी कपाटात ठेवून इथे पुन्हा पहिल्या वर्षाला बसतात, कारण ‘इंडियाची डिग्री चालत नाही’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. चालते की नाही, ते मूल्यमापन करून बघायचं. डब्ल्यूईएससारख्या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्था विद्यापीठाकडून थेट आलेली ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत दाखला) बघून ती इथल्या कशाच्या बरोबरीची, हे लिहून देतात. आपल्या तीन वर्षांच्या पदवीचं मोजमाप सगळीकडे सारखं होत नाही. कुठली संस्था मोजतेय, विद्यापीठ कुठलं, वर्ग कुठला मिळाला, यावर ते ठरतं. अगदी ‘तीन वर्षांचं शिक्षण’ एवढंच लिहून आलं, तरी हिशेबाच्या नोकरीला पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नर्सिंग किंवा रेडिओलॉजीसारखं अगदी वेगळं क्षेत्र धरायचं असेल, तर मात्र असोसिएट डिग्रीचा विचार करावा. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

मेडिकल कोडिंगबद्दल जरा कडू बोलणार आहे. कोर्स वाईट नाही. डॉक्टरांनी काय तपासलं, काय केलं, ते ठरावीक संकेतांत लिहायचं, म्हणजे विमा कंपनी पैसे देते. काम खरं आहे, बारकाईचं आहे. अडचण पहिल्या नोकरीची. सीपीसीची, म्हणजे कोडिंगच्या व्यावसायिक प्रमाणपत्राची परीक्षा पास झालात तरी अनुभव नसेल तर नावापुढे ‘सीपीसी-ए’ लागतं. ते ‘ए’ म्हणजे शिकाऊ. ते काढायला दोन वर्षांचा अनुभव लागतो, किंवा ठरलेल्या तासांचं शिक्षण आणि एक वर्षाचा अनुभव. आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘ए’ नको. घरून करायच्या नोकऱ्यांसाठी तर हमखास. म्हणजे तळ्यात उतरल्याशिवाय पोहता येईना, पोहता आल्याशिवाय तळ्यात उतरू देईनात. ज्या बायका यातून पार झाल्या, त्यांतल्या बहुतेक आधी कुठल्यातरी दवाखान्यात फोन घ्यायला किंवा बिलिंगला लागल्या होत्या. तिथून आत शिरल्या. तुमच्याकडे कार्ड येईपर्यंत तो रस्ताही बंद. विषयाचं खरोखर आकर्षण असेल तर आधी मेडिकल टर्मिनॉलॉजीचा एकच कोर्स करून बघा. आवडतंय का, कळेल.

डेटा अ‍ॅनालिटिक्सचं म्हणाल, तर ते नाव सध्या इतकं मोठं आहे की त्याखाली काहीही विकलं जातं. मी स्वतः एकदा हात पोळून घेतलेत. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका खासगी संस्थेत कॉम्प्युटरच्या कोर्सला २,४०० डॉलर भरले होते. शिकवणारा माणूस पुस्तकातलं पान मोठ्याने वाचायचा. शेवटी मिळालेलं सर्टिफिकेट आजतागायत कुणी मागितलेलं नाही. तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं, की पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचार: हे युनिट दुसरं कुठलं कॉलेज मानतं का, पैसे परत मिळायची शेवटची तारीख कुठली, आणि गेल्या वर्षी इथे शिकलेल्यांपैकी कुणाशी बोलता येईल का. तिन्हींची उत्तरं गोलगोल आली तर उठून यायचं.

मग करायचं काय? मला वाटतं, तुम्ही हिशेबातच राहा. याचं कारण सांगते.

काही वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच एक बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या मार्कलिस्टा, आणि रेझ्युमेवर गेली सहा वर्षं ‘गृहिणी’. पतसंस्थेतल्या नोकरीला एक ओळ, ‘क्लार्क’. मी म्हटलं, तिथे रोज काय करायचात? म्हणाल्या, ‘काही विशेष नाही हो. रोजमेळ लिहायचा, कॅश जुळवायची. जुळल्याशिवाय घरी जाता यायचं नाही.’ कधी जुळली नाही तर? ‘मग व्हाउचर एकेक करून काढायची. एकदा सात रुपयांसाठी रात्री नऊ वाजले.’ मी विचारलं, कर्जाची वसुली, व्याजाची आकारणी, ऑडिट? सगळं त्यांनीच केलेलं. आम्ही दोघींनी मिळून ते इंग्रजीत लिहिलं: रोज किती व्यवहार, किती खाती, किती जणांचं काम तपासायच्या, लेखापरीक्षकांना काय काय काढून द्यायच्या. ‘क्लार्क’च्या एका ओळीच्या जागी सात ओळी झाल्या, आणि त्यात एक शब्दही फुगवलेला नव्हता.

तुम्हीही तेच करत होतात, हे तुमच्या प्रश्नावरून दिसतंय. रोजमेळ, खतावणी, तेरीज, ताळेबंद यांची इथली नावं वेगळी, पण नावे-जमा तीच. नवं शिकावं लागेल ते इथलं: पगाराच्या कपाती, पगारदाराचा डब्ल्यू-२ आणि स्वतंत्र काम करणाऱ्याचा १०९९ या फॉर्ममधला फरक, विक्रीकर आणि क्विकबुक्ससारखं सॉफ्टवेअर. हे वर्षभरात होण्यासारखं आहे. मेडिकल कोडिंगमध्ये तुम्ही शून्यावर उभ्या राहता, इथे तुमची नऊ वर्षं बरोबर येतात.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका. या आठवड्यात एक काम करा. घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या बुककीपर, अकाउंट्स पेयेबल (देणी चुकती करण्याचं काम), पेरोल असिस्टंट अशा वीस जाहिराती काढा आणि वहीत एका पानावर लिहा, प्रत्येकीत काय मागितलंय. पदवी, सॉफ्टवेअर, अनुभवाची वर्षं. वीस झाल्या की कुठला शब्द किती वेळा आला ते मोजा. जो शब्द पंधरा वेळा आला आणि तुमच्याकडे नाही, तो तुमचा पहिला कोर्स. बऱ्याच जणींच्या वहीत तो ‘एक्सेल’ निघतो. त्याला कॉलेजही लागत नाही, नॉन-क्रेडिट वर्गात फुकट होतो.

करसल्ल्याकडे कल असेल तर इथे एक वेगळी वाट आहे. कॅलिफोर्नियात पैसे घेऊन दुसऱ्यांचे टॅक्स रिटर्न भरायचे तर सीटीईसी या राज्यातल्या परिषदेकडे नोंदणी लागते. त्यासाठी ६० तासांचा मान्यताप्राप्त कोर्स आणि ५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमी. त्यापुढची पायरी एन्रोल्ड एजंट. आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याची तीन भागांची परीक्षा असते, त्याला पदवीची अट नाही, आणि तो परवाना देशभर चालतो. मिस्टरांची नोकरी पुन्हा दुसऱ्या राज्यात गेली तरी तुमचं शिक्षण वाया जात नाही. टेक्सासहून इथे आलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सीपीएचं (आपल्या सीएसारखं) आत्ता डोक्यात घेऊ नका. त्याचे नियम राज्यागणिक निराळे आहेत, आणि कार्डाचाच पत्ता नसताना तो डोंगर चढायला घेऊ नये.

कार्ड येईपर्यंत पगार घेता येणार नाही, आणि जे काम एरवी पगारी असतं ते ‘फुकट करते’ म्हणूनही करू नका. ओळखीचा दुकानदार म्हणेल, ये, माझी वही बघ, पैसे नंतर देईन. नको म्हणा. पण जिथे कुणालाच पैसे मिळत नाहीत, तिथे स्वयंसेवक होता येतं. आपल्या मंडळाचं उदाहरण घ्या. गणपतीच्या जेवणाची कुपनं, दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं, हॉलचं भाडं, देणग्या. खजिनदार दर वर्षी मेटाकुटीला आलेला असतो, कुणी हाताखाली मागितलं तर नाही म्हणत नाही. नोंदणीकृत सेवाभावी संस्थेला दर वर्षी आयआरएसकडे फॉर्म ९९० किंवा त्याचं छोटं रूप भरावं लागतं. ते एकदा समोर बसून पाहिलंत तरी पुष्कळ. दुसरी जागा व्हीटा. आयआरएसच्या या कार्यक्रमात स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या लोकांचे रिटर्न मोफत भरून देतात. आधी परीक्षा द्यावी लागते, मग जानेवारीच्या अखेरीपासून १५ एप्रिलपर्यंत काम. समोर खरा माणूस, खरे कागद. इथे तुमचं बोलण्याचं इंग्रजीही आपोआप सुटेल.

इंग्रजीचं तुम्ही शेवटी लिहिलंत, मला मात्र वाटतं ते तुम्हाला सगळ्यात जास्त खातंय. वाचता येतं, लिहिता येतं, तर तुमची अडचण इंग्रजीची कमी आणि तोंड उघडण्याची जास्त. माझीही होती. सांगलीच्या मराठी शाळेतून आलेली मी, पहिलं अख्खं सत्र वर्गात हात वर केला नाही. मग एका प्राध्यापिकेने सांगितलं की वर्गाला येण्याआधी एक प्रश्न वहीत लिहून आण आणि तो वाचून दाखव. वाचून दाखवायला काय लागतं? तेवढं केलं. इथे शिक्षकांच्या भेटीचे तास ठरलेले असतात, तेव्हा जाऊन बसलं तरी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. उलट जे येत नाहीत त्यांचंच त्यांना नवल वाटतं.

आणखी एक, कारण यात आपली माणसं नाहक अडकतात. आपल्याकडे मैत्रिणीला गृहपाठाची वही देणं म्हणजे मदत. इथे ती कॉपी धरली जाते, आणि देणारीवरही तितकीच येते. एकत्र बसून अभ्यास करा, उत्तरं ज्याची त्याने लिहा.

वेळेचा हिशेबही करून ठेवा. एका युनिटमागे आठवड्याला साधारण तीन तास धरायचे, वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून. चार युनिटचा अकाउंटिंगचा कोर्स म्हणजे बारा तास. दोन मुलं, स्वयंपाक, शाळेची ने-आण यात पहिल्या सत्राला एकच कोर्स घ्या. दोन घेऊन एक अर्ध्यात सोडणाऱ्या मी फार पाहिल्यात. सोडायचाच झाला तर पैसे परत मिळण्याच्या तारखेच्या आत सोडा. नुसतं जायचं बंद केलं तर वर्ग सुटत नाही, एफ (नापास) लागतो, आणि तो ट्रान्सक्रिप्टवर राहतो.

तर क्रम असा धरा: आत्ता जाहिरातींची वही आणि अ‍ॅडल्ट स्कूलमध्ये एक्सेल-इंग्रजी, डिसेंबरपर्यंत रहिवासाचे कागद आणि व्हीटाची परीक्षा, जानेवारीत फायनान्शियल अकाउंटिंगचा एक कोर्स, कार्ड आलं की अर्ज सुरू, मग कोर्स अर्धा राहिलेला असला तरी. एक सावधगिरी: नूतनीकरणाचा अर्ज ३० ऑक्टोबर २०२५ पासून पुढे केला असेल तर ईएडीला आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे पहिलं कार्ड आल्या दिवशीच त्यावरची संपण्याची तारीख कॅलेंडरवर टाका आणि अर्ज किती आधी करता येतो ते वकिलाला विचारून ठेवा.

माझा अंदाज कुठे चुकू शकतो, तेही सांगते. हिशेबाच्या कामाचा तुम्हाला कंटाळा आला असेल आणि म्हणूनच तुम्ही दुसरं काही शोधत असाल, तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा आणि मला तसं कळवा. मग वेगळं बोलू. नऊ वर्षं कॅश जुळवल्यावर कंटाळा येणं अगदी साहजिक आहे.

ट्रान्सक्रिप्टचं काम मात्र आजच सुरू करा, कारण त्यालाच सगळ्यात वेळ लागतो. तुमच्या मार्कलिस्टवर ‘पुणे विद्यापीठ’ असेल. २०१४ मध्ये नाव बदललं, त्याची काळजी नको. काळजी तुमच्या नावाची. मार्कलिस्टवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मूल्यमापन करणाऱ्याला वाटतं या दोन वेगळ्या बायका आहेत. अर्ज करतानाच लग्नाचा दाखला इंग्रजीत जोडा. नाशिकला घरी कुणी असेल तर त्यांना सांगा, मूळ मार्कलिस्टा शोधून ठेवा, आणि जपून राहाव्यात म्हणून लॅमिनेट करायला नेऊ नका. त्यावर मग शिक्का बसत नाही.